अझनारवरची पैज

ईलिंग,
३ मार्च २००४

प्रिय कडूबा भाऊजी,

तुम्हाला जयभीम, द्रौपदीताईंना नमस्कार. वर्षभरानं पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही ते न फोडता नुसतं उलटसुलट केलं असेल आणि ताई म्हणाल्या असतील, "अहो, फोडा की, चावतंय का ते?" तेव्हा आधीच सांगते, घाबरण्यासारखं काही नाही. इकडे सगळं ठीक.

ब्रिस्टलला थंडी कशी आहे? इथे गेल्या आठवड्यात जरासा बर्फ पडला आणि नेहमीप्रमाणे सगळ्या ट्रेन्स बसल्या. आमची तनू आता लीड्सच्या शाळेत शिक्षिका म्हणून कायम झाली. दर शनिवार-रविवारी घरी येते. मी म्हणते, एवढी दगदग कशाला, पण ऐकत नाही. मंडळाच्या हळदीकुंकवाला यंदा मी गेले नाही. जमलं नाही, एवढंच.

ह्यांचं म्हणाल तर बरे आहेत. घरीच असतात. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण हल्ली आमच्यात भांडण म्हणून होत नाही. भाजी बरी झालीय का, हो. खिडकी लावू का, हो. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यात आमटीत गूळ किती घालावा यावर आमचं कधी एकमत झालं नव्हतं. आता मी घालीन तेवढा गूळ.

येत्या चौदा तारखेला स्पेनमध्ये निवडणूक आहे. तुमच्या लक्षात असणारच. आमच्या घरात तो विषय कोणी काढत नाही, म्हणून मीच काढते आहे.

एक पुण्याचा आणि एक जालन्याचा, असे दोन मराठी पुरुष इंग्लंडात बसून स्पेनच्या पंतप्रधानावरून आठ वर्षं भांडतात, हे मंडळात सांगितलं की बायका हसायच्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणायच्या. त्यांना काय माहीत की ह्यांच्या ऑफिसनं ह्यांच्याकडे स्पेनचा अभ्यास सोपवला, त्याच सुमाराला तुमच्या कारखान्यानं तुम्हाला विमानाच्या कामासाठी सेव्हिलला पाठवलं. ह्यांनी स्पेन कागदावर पाहिला, तुम्ही तो तिथल्या कँटीनमध्ये बसून ऐकला. मग दोघांनाही वाटायला लागलं की तो देश आपल्याच मालकीचा.

शहाण्णव साली अझनार निवडून आले तेव्हा हे किती खूश झाले होते, आठवतं? मूळचा करखात्यातला माणूस, मिशी ठेवणारा, उगीच न हसणारा. "मीनल, हा माणूस घर आवरणार," असं म्हणाले. तुम्ही समोरच बसला होतात. म्हणालात, "घर आवरणारा आधी म्हाताऱ्यांच्या खाटा बाहेर काढतो, उदय." तिथून जे सुरू झालं ते सुरू झालं. टेलिफोन कंपनी विकली, वीज विकली, पेट्रोल विकलं, युरोच्या दारात वेळेवर जाऊन उभे राहिले, बेकारी निम्म्याला आली. ह्यांचा चेहरा असा, की जणू स्वतःच्या पोराचं प्रगतिपुस्तक वाचताहेत. आणि तुमचं एकच, की त्या नोकऱ्या किती महिन्यांच्या आहेत ते सांग.

सत्त्याण्णवच्या ईस्टरला आपण सगळे माद्रिदला गेलो होतो. अतोचा स्टेशनातली ती ताडाची झाडं मला अजून दिसतात. छताखाली एवढी बाग, त्यात कासवं. द्रौपदीताईंनी धपाट्यांचा डबा उघडला आणि शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंनी खुणेनं एक मागून घेतला. तिला शेंगदाण्याची चटणी एवढी लागली की डोळ्यांतून पाणी, तरी पुन्हा हात पुढे. आणि तुम्ही दोघं एका टेलिफोन बूथच्या दोन बाजूंना उभे राहून, ती कंपनी सरकारनं विकायला हवी होती का नाही यावर तावातावानं बोलत होतात. बूथमधला माणूस बाहेर येऊन निघून गेला, दुसरा आत गेला, आणि आपली सेव्हिलची ट्रेनही गेली. ताई म्हणाल्या होत्या, "ह्यांना इथंच सोडू आणि आपण दोघी कासवं घेऊन जाऊ." मला त्या दिवशी तुमच्या दोघांचा फार राग आला होता. आता तो दिवस परत मिळाला तर मी आणखी दोन ट्रेन्स सोडायला तयार आहे.

आणि ती पैज. दुसऱ्या कोणाच्या घरात अशी पैज लागली असेल असं मला वाटत नाही. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या घरी यायचं, जेवायचं, आणि जेवणानंतर उभं राहून जिंकणाऱ्याची बाजू मांडायची. मनापासून. उपरोध चालणार नाही, आणि तो आहे का नाही हे तनूनं ठरवायचं. एकदा स्पेन युरोत वेळेवर जाणार का यावर लागली, एकदा दोन हजारच्या निवडणुकीवर, आणि दोन्ही वेळा तुम्हीच हरलात. दोन हजार साली आमच्या दिवाणखान्यात उभे राहून तुम्ही काय बोललात ते मला अजून पाठ आहे. "ज्या घरात पोरगं वर्षानुवर्षं बेकार बसलंय, तिथं ते एका सकाळी डबा घेऊन बाहेर पडतं. ही नोकरी कायमची आहे का, असं त्याच्या आईला विचारायला कोण जाणार? मी तर जाणार नाही." हे खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "कडूबा, हे मला सुचायला हवं होतं." तुम्ही म्हणालात, "मला पण नको होतं सुचायला."

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत जे झालं ते झालं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. पण त्या रात्री दारात उभ्या उभ्या का होईना, पैज लागली होती. तुम्ही म्हणालात हे सरकार पडणार, ह्यांनी म्हटलं येणार. तेव्हा तुमचा आजचा अंदाज काय ते दोन ओळींत कळवा. मी वाचून दाखवीन.

आपली,
मीनल

ता. क. खरं तर हे पत्र ह्यांनीच लिहायचं, पण हल्ली ह्यांना लिहायचा कंटाळा आहे.


ईलिंग,
१७ मार्च २००४

प्रिय कडूबा भाऊजी,

तुम्हाला आणि ताईंना जयभीम.

तुमचं कार्ड गुरुवारी सकाळच्या टपालानं आलं. "उदय, सर्व्हे मीही वाचतो. तुझंच सरकार पुन्हा येतंय. पैज हरलो. पण या खेपेला भाषण करायला येणार नाही. कडूबा." मी ते ह्यांना वाचून दाखवत होते तेव्हा रेडिओवर माद्रिदची बातमी सुरू झाली होती. आधी वाटलं, कुठल्यातरी ट्रेनला आग लागली. मग बॉम्बस्फोट म्हणाले, आणि अतोचाचं नाव आलं. मग आकडा वाढतच गेला. मी टीव्ही लावला आणि थोड्या वेळानं बंद केला. सकाळच्या ट्रेन्स, कामाला निघालेली माणसं, कॉलेजची मुलं. तुमचे सेव्हिलचे सोबती, त्यांची मुलंबाळं सुखरूप असतील ना? कळवा.

अशा निवडणुकीवर पैजेची गोष्ट काढायला जीभ रेटत नाही. दोन दिवस मी पेन उचललं नाही. पण मला जे सांगायचंय ते तिच्याशिवाय सांगता येणार नाही. माझा नाइलाज आहे, मला समजून घ्या.

निकाल तुम्हाला कळलाच. सरकार पडलं. ह्यांचे आकडे सगळे बरोबर होते, भाऊजी. बेकारी कमी, तूट नाही, युरो हातात. अझनार तर बोलल्याप्रमाणे तिसऱ्यांदा उभेही राहिले नव्हते, आपला माणूस पुढे करून स्वतः बाजूला झाले होते. ह्यांना त्यांचं हेच सगळ्यात आवडायचं, की सत्ता सोडणारा माणूस आहे. तरी पक्ष पडला. आधी अमेरिकेपाठोपाठ ते इराकचं युद्ध, कोणाला नको असलेलं. आणि मग हे तीन दिवस. खुणा दुसरीकडे बोट दाखवत असतानाही सरकार स्फोटांसाठी बास्क फुटीरांच्या संघटनेचंच नाव घेत राहिलं आणि लोकांना वाटलं, मतदान होईपर्यंत आपल्याला नीट सांगत नाहीयेत. म्हणून रांगा लावून उभे राहिले. मला अर्थशास्त्र कळत नाही, पण हे कळतं. घर कितीही चोख चालवा, घरातल्यांशी नीट बोलला नाहीत तर त्या चोखपणाचं कोणी कौतुक करत बसत नाही. मी अशा घरात तीस वर्षं राहिले आहे.

आता मी तुमच्याशी नीट बोलते. मागच्या पत्रात सगळं ठीक आहे असं लिहिलं. ते ठीक नाही.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात हे सकाळी दूध ओतत होते. दूध कपाबाहेर जायला लागलं. मी म्हटलं, "अहो, लक्ष कुठंय?" तर माझ्याकडे बघून हसले, अर्ध्याच तोंडानं. स्ट्रोक. उजवा हात अजून उचलत नाही, पाय थोडा सुधारलाय, काठीनं बाथरूमपर्यंत जातात. पण बोलणं गेलं. सगळंच नाही. एक शब्द राहिला. हो.

चहा हवा का, हो. नको का, हो. आज सोमवार ना, हो. मंगळवार ना, हो. डॉक्टर म्हणतात, त्यांना बरंचसं समजतं, पण तोंडाशी जो शब्द येतो तो हाच. ज्या माणसानं आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही, हवामानखात्याशीसुद्धा वाद घातला, तो आता सगळ्यांना हो म्हणतो. पोस्टमनला, शेजारणीला, मला. मागच्या पत्रात भांडण होत नाही असं लिहिलं ते याच अर्थानं. पहिल्या रविवारी तनू त्यांच्याजवळ तासभर बसली आणि मग किचनमध्ये येऊन मला म्हणाली, "आई, बाबाची नाही कुठे गेला? आय वॉन्ट इट बॅक." तिचं मराठी तुम्हाला माहीतच आहे, पण त्या वेळी मला ते अगदी बरोबर वाटलं.

तुम्हाला कळवलं नाही, कारण आजारी पडायच्या आधी ह्यांनी मला बजावलं होतं, "मीनल, तू कडूबाला फोन करायचा नाहीस. तो करेल." वर्षभर फोन वाजला की आधी तेच उचलायचे. तुमचा नसला की माझ्याकडे द्यायचे. मला त्यांचा शब्द मोडवेना. आता शब्दच राहिला नाही, तेव्हा मोडते आहे.

स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून एकदा येते, आयरिश बाई आहे, गोड आहे. तिनं विचारलं, "व्हॉट डिड ही लव्ह टॉकिंग अबाउट?" मी म्हटलं, बोलणं नाही, त्यांना समोरच्याला खोडून काढणं आवडायचं. ती हसली आणि म्हणाली, मग तुम्ही त्यांना खोडायला काहीतरी द्या. म्हणून मी त्यांचे जुने रिपोर्ट काढले आणि मुद्दाम चुकीचे वाचायला लागले. अझनारच्या काळात बेकारी वाढली. हो. तूट वाढली. हो. स्पेननं युरो घेतलाच नाही. हो. दिवसभर वाचत होते, भाऊजी. मी त्यांच्या आयुष्यभराच्या कामाची विल्हेवाट लावली आणि ते माझ्याकडे बघून मान डोलावत होते. संध्याकाळी मी रिपोर्ट परत कपाटात ठेवले.

मग सोमवार उजाडला. पेपर आला. मी त्यांना लापशी भरवता भरवता म्हटलं, "तुमचा पक्ष पडला." हो, म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून म्हटलं, "म्हणजे कडूबा भाऊजी जिंकले."

त्यांनी तोंड मिटून घेतलं. चमचा तसाच माझ्या हातात. आणि मग म्हणाले, "नाही."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. लापशी हवी का, हो. बाहेर ऊन आहे का, हो. पाऊस होता. कडूबा भाऊजी जिंकले का? नाही. मी रडायला लागले. मला रडताना बघून ते हसले, आणि मला तो माणूस एकदम ओळखू आला. तनूला शाळेत फोन करून वर्गाबाहेर बोलावलं. ती म्हणाली, "आई, पुन्हा विचार, पुन्हा विचार, मला ऐकव." ऐकवलं.

का नाही म्हणाले असतील यावर मी दोन दिवस विचार केला. मग तुमचं कार्ड पुन्हा वाचलं. तुम्ही त्यात लिहिलंय, पैज हरलो. निकालाआधी, स्वतःच्या हातानं. ह्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, नियमाला नियम. सरकार पडलं तरी तुम्ही हार लिहून दिलीत, तेव्हा पैज त्यांनीच जिंकली. ते असंच म्हणाले असते आणि तासभर म्हणाले असते. खरंच हेच त्यांच्या मनात होतं का, मला माहीत नाही. पण मला ते पटलं आहे.

आता मागच्या फेब्रुवारीचं. इराक युद्धाविरुद्धच्या मोर्चाहून तुम्ही दोघं गारठून आला होतात. ताईंचे मोजे मी रेडिएटरवर वाळत घातले होते. बोलता बोलता हे म्हणाले, "आकडे वाचा जरा. तुम्ही लोक आयुष्यभर घोषणांवरच जगलात." तुम्ही उठलात. ताईंनी ओले मोजे तसेच पायांत चढवले. तुम्ही लोक म्हणजे मोर्चेवाले, असं हे नंतर मला महिनोन्महिने समजावत होते. पण तुम्हाला काय ऐकू आलं ते मला किचनमध्येही ऐकू आलं. तेहतीस वर्षांच्या मैत्रीत, अॅक्टनच्या एका खोलीत एका तव्यावर दोघांच्या पोळ्या भाजल्यापासून, तसलं वाक्य ह्यांच्या तोंडी कधी आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. मी तेव्हाच पुढे होऊन बोलायला हवं होतं असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे, पण खरं सांगते, मला वाटलं ते स्वतःच धावत दारापर्यंत जातील. ते गेले, पण पैज लावायला.

त्यांच्या वतीनं माफी मागायला मी हे पत्र लिहीत नाही. ती त्यांची आहे. मी मागितली तर तुम्ही मोठ्या मनानं देऊन टाकाल आणि मग त्यांना बोलायचं कारणच उरणार नाही. ती त्यांच्या तोंडून यायला हवी, आणि त्यासाठी आधी तोंडात शब्द यायला हवेत. डॉक्टर म्हणतात, जे परत यायचं ते या पहिल्या काही महिन्यांत यायला लागतं. मला घाई आहे, भाऊजी. मला फार भीती वाटते.

तेव्हा तुम्ही या. नियमानं हरणारा तुम्हीच आहात, भाषण तुम्हीच द्यायचं. मात्र एक विनंती आहे. या वेळी ते वाईट द्या. दोन हजार सालासारखं तर अजिबात नको. आकडे चुकवा, सालं उलटीपालटी करा, टेलिफोन कंपनी कुणाला विकली ते विसरा, मिशीची चेष्टा करा. आणि ते हो म्हणाले तर तो हो घेऊ नका. ते तुमच्यापुढे मान डोलावताना बघून तुम्हाला भरून येईल, मला माहीत आहे, पण तुम्ही विरघळलात की संपलं. मला सांत्वन करणारी माणसं भरपूर मिळतात, मंडळातल्या सगळ्या डबे घेऊन येऊन जातात. ह्यांना चूक ठरवणारा माणूस या सबंध देशात एकच आहे, आणि तो ब्रिस्टलला रुसून बसला आहे.

ताईंनाही आणा. त्यांच्याजवळ मला थोडा वेळ नुसतं बसायचं आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर मी ह्यांना सुरुवातीपासून वाचून दाखवलं. फेब्रुवारीचा भागही गाळला नाही. तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. मग मी विचारलं, "कडूबाला बोलावू ना?" ते म्हणाले, "हो."

त्यांच्या 'हो'चा अर्थ काय असतो, ते वर सगळं लिहिलंच आहे. तरी या एका 'हो'वर मी विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. तुम्हीही ठेवा.

दोघांच्या मधली,
मीनल